नामविस्तार दिनाला सायकली कशाला फिरवता?



14 जानेवारी 2024, रविवार. आम्ही अकरा जण, त्यात तीन मुली, लातूरहून सायकलवर किल्लारीला गेलो, तिथे फिरलो, वाटेत एका ढाब्यावर जेवलो आणि अंधार पडता पडता परत आलो. जाऊन-येऊन साधारण नव्वद किलोमीटर. दोन पंक्चर, एक तुटलेली चेन, बाकी काही नाही.

पण त्या दिवसाचे चार फोटो व्हॉट्सअॅपवर फिरले आणि त्यावरून जे बोलणं सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. ज्यांचा शब्द आम्ही मानतो अशा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी, ज्यांनी नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या आहेत, सरळ विचारलं की ज्या दिवशी हजारो लोक विद्यापीठाच्या गेटला वंदन करायला जातात त्या दिवशी तुम्ही सायकली कशाला फिरवता? दुसऱ्या एका मित्राने लिहिलं, हे सगळं शहरी सवर्णांचं फॅड आहे, आपल्या पोरांना त्याची लागण झाली. तिसऱ्याने फोटो मोठा करून पाहिला आणि ढाब्याच्या पाटीवर परमिट रूम लिहिलेलं दाखवून दिलं. बावीस प्रतिज्ञा विसरलात काय?

तिन्ही प्रश्नांना उत्तर द्यायला हवं. प्रश्न विचारणारे आपलेच आहेत, आणि शिवाय आमच्याकडूनही त्या दिवशी एक चूक झाली, तीही सांगायची आहे.

परमिट रूमचा विषय आधी संपवू. कोणीही दारू घेतली नाही. 'एक-एक थंड होऊन जाऊ दे' असं अर्धवट गमतीत म्हणणारा आमच्यातही एक निघाला, मुलींनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. आता ढाबा तोच का? तर अकरा माणसांना एका वेळी गरम भाकरी देईल असं ठिकाण त्या टप्प्यात दुसरं दिसलं नाही. आपल्या जिल्ह्यात हमरस्त्यावरच्या निम्म्या ढाब्यांना आतल्या बाजूला परमिट रूम असते. तिथे दारू विकली जाते म्हणून तिथली भाकरी सोडायची, असं ठरवलं तर रस्त्यावर जेवायचंच सोडावं लागेल. आणि रस्त्यावर जेवायचं आपण सोडणार नाही. का, ते पुढे येईलच.

आता फॅडचा मुद्दा. सायकलीवरून रविवारी रान फिरायचं ही कल्पना श्रीमंतांची आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा मागे जावं. इंग्लंडमध्ये 1894 साली बर्मिंगहॅमला क्लॅरियन सायकलिंग क्लब निघाला. 'क्लॅरियन' हे रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांचं समाजवादी साप्ताहिक, आणि क्लबवाले त्याचे वाचक. आठवडाभर धुरात काम करायचं, सुटीच्या दिवशी सायकल काढून खेड्यांत जायचं, अंक आणि पत्रकं वाटायची, सोबत बसून जेवायचं. इंग्लंडातल्या सायकल क्लबांची फेरी आजही खेड्यातल्या पबमध्ये जेवायला थांबते. पब म्हणजे त्यांचा परमिट रूमवाला ढाबाच म्हणा ना. रान जमीनदाराचं आहे, पण रस्ता आणि रविवार आपला आहे, हे त्या लोकांना कळलं होतं.

आणि इंग्लंडपर्यंत तरी कशाला जायचं? मान्यवर कांशीराम साहेबांनी 1981 च्या 6 डिसेंबरला डीएस-4 उभी केली आणि 1983 मध्ये दिल्लीच्या आसपासच्या राज्यांतून शंभरेक सायकलस्वारांची फेरी काढली. दोन पाय आणि दोन चाकं यांचा चमत्कार, असं ते म्हणायचे. पुढच्याच वर्षी 14 एप्रिलला बहुजन समाज पक्ष स्थापन झाला. ज्या चळवळीकडे गाडीला पैसे नव्हते ती चळवळ सायकलवर बसली, आणि आज आपल्यालाच सायकल परकी वाटते!

तरीही कांशीराम साहेबांच्या आड आम्ही लपणार नाही. त्यांची फेरी प्रचाराची होती, आमची नव्हती. आम्ही पत्रकं वाटली नाहीत, सभा घेतली नाही, कोणाचं प्रबोधन केलं नाही. आम्ही फिरायला गेलो होतो. मोर्चा नाही, निवडणूक नाही, मयत नाही, ऊसतोड नाही. काहीही कारण नसताना, केवळ बरं वाटतं म्हणून, आपल्याच जिल्ह्यातल्या रस्त्याने दिवसभर जाणं! आमच्या आजोबांनी हे कधी केलं नाही. गावोगाव पायी तेही हिंडले, पण सांगावा घेऊन, टपाल घेऊन, मेलेलं ढोर ओढायला. रानात तेही राबले, पण दुसऱ्याच्या. नुसतं बघायला रानात जाणारा माणूस आमच्या घरात झाला नव्हता.

सायकली कोणत्या होत्या तेही सांगतो, म्हणजे फॅडचा अंदाज येईल. एक गिअरची, जुनी, हप्त्यावर घेतलेली. दोन पेपर टाकायच्या. एक मुलीची, शाळेत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली, पुढे जाळीची टोपली असलेली. तिने त्या टोपलीत सगळ्यांचं पाणी वाहून आणलं. बाकीच्या भावाच्या, काकाच्या, शेजाऱ्याच्या. हेल्मेट चौघांनाच. पहाटे सहाला बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून निघालो. थंडी एवढी की औसा येईपर्यंत हँडलवरची बोटं कोणाची तेच कळेना.

औशाच्या पुढे उजाडलं. दोन्ही बाजूंनी हरभरा, कणसात आलेली ज्वारी, मध्येच तुरीच्या काढलेल्या पेंढ्या. याच रस्त्यावर आम्हांला दुसरे सायकलवालेही भेटले, ज्यांचा फोटो कोणी काढत नाही. हँडलला डबा, मागच्या कॅरिअरला फडक्यात गुंडाळलेला विळा, कानाला मफलर. पन्नाशीच्या पुढची माणसं, कामाला निघालेली. मोटारसायकल घेण्याची ऐपत ज्याला आली त्याने सायकल सोडली, राहिला तो मजूर. त्यातल्या एका काकांनी आमच्या बरोबरीने दोन-तीन किलोमीटर सायकल मारली आणि विचारलं, 'कशाची शर्यत हाय?' शर्यत नाही, असेच निघालोय, म्हटल्यावर ते हसले. त्यांना ते पटलं नसावं. रविवारीसुद्धा त्यांना कामावर जायचं होतं.

रानात जागोजाग कडब्याच्या कोपी अजून उभ्या होत्या. तीनच दिवसांपूर्वी, 11 तारखेला, येळवस झालेली. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात शहरं ओस पडतात. लातूरच्या बाजारात चिटपाखरू नसतं. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप करून पांडव पुजतात, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर असं जेवण होतं. ओळखीचा-अनोळखी, जो येईल त्याला वाढतात, असं सगळे अभिमानाने सांगतात. ते खोटं नाही. पण ज्याच्याकडे शेत नाही तो त्या दिवशी कुठे जातो? तो बोलावणं आलं तर जातो. म्हणजे तो कायमचा पाहुणा. उदार होण्याची संधीसुद्धा सातबारा असलेल्यालाच मिळते. दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि पुन्हा 1964 ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते पोटासाठी होते हे खरंच, पण त्यात यजमान होण्याची मागणीही होती असं आम्हांला आता वाटतं.

येळवस कशी साजरी करावी, पांडव कोणाचे, आपण बौद्धांनी ती मानावी का, हा वाद इथे नको. त्याला वेगळा लेख लागेल, आणि त्यावर आम्हां अकरा जणांचंच एकमत नाही.

लामजन्याच्या पुढे त्या ढाब्यावर थांबलो. पंक्चरमुळे उशीर झालेला, पोटात आग पडलेली. डबे कोणीच आणले नव्हते, आणि ते विसरून नव्हे, तर ठरवून. आमच्या घरांत प्रवासाला निघताना डबा बांधायचीच रीत आहे. आई पहाटे चारला उठून बांधते. ती काटकसर म्हणून सांगते, पण त्या रीतीचं मूळ वेगळं आहे. बाहेर कुठे बसवून घेतील, कुठे कप वेगळा ठेवतील, याचा भरवसा नसलेल्या लोकांची ती रीत. अमेरिकेत व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या काळ्या पोस्टमनने 1936 पासून एक पुस्तिकाच काढली होती, 'ग्रीन बुक'. गाडीने निघालेल्या काळ्या माणसाने कुठे जेवावं, कुठे झोपावं, कुठे पेट्रोल भरावं, याची गावोगावची यादी. तीस वर्षं ती निघत राहिली. आपली ग्रीन बुक छापलेली नाही, ती आईच्या तोंडी आहे. 'तिथं उतरू नका, पुढच्या गावात आपलं घर हाय' हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल तर तुम्ही भाग्यवान.

म्हणून ठरवलं होतं, डबा नाही. सगळ्यांनी बाहेर, टेबलावर, पैसे देऊन जेवायचं.

ढाब्याचा मालक चांगला माणूस. आम्हांला पाहून त्याने स्वतः टेबलं जोडली. हेल्मेट आणि बूट पाहून त्याला वाटलं पुण्याचे पाहुणे. 'साहेब, कुठून निघालाव?' पाणी आलं, कांदा आला, शेंगदाण्याची चटणी आली. भोगीचा दिवस, म्हणून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि मिसळीची भाजी खास केलेली. मुलींना विचारून तिखट कमी. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडे पाण्यानंतर येतोच. आडनाव काय?

आमच्यातल्या एकाने आडनाव सांगितलं. ते ऐकून कळणाऱ्याला कळतं, असं. आणि लगेच दुसरीने सांगितलं, आज नामविस्तार दिन ना, म्हणून निघालोय.

एक क्षण तो काही बोलला नाही. मग म्हणाला, 'बरं बरं.' आणि आत गेला.

इथे आमच्या काही वाचकांची अपेक्षा असेल की आता काहीतरी घडलं. काही घडलं नाही. भाकरी येत राहिली. बिल जेवढं व्हायला हवं तेवढंच झालं. 'साहेब' मात्र त्यानंतर एकदाही ऐकू आलं नाही. तो खरंच बदलला की त्याच्याकडे गिऱ्हाईक वाढलं म्हणून गडबडीत होता, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक गोष्ट नक्की सांगू शकतो. तो आत गेल्यापासून परत येईपर्यंत अकराच्या अकरा जण गप्प बसलो होतो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. जो आमच्यात सगळ्यांत बडबड्या आहे, ज्याने लातूरपासून सगळा रस्ता गाणी म्हटली, तोही. आणि बाहेर पडल्यावर एकीने बोलून दाखवलं की ती पुतळ्यापासून निघाली तेव्हापासूनच या प्रश्नाची वाट बघत होती. चढ, थंडी, पंक्चर यांच्याबरोबर ते एक ओझंही ती ओढत होती. आम्ही सगळेच ओढत होतो.

हे ओझं काल्पनिक आहे असं कोणी म्हणू नये. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत 1 जून 2023 ला आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग हे कारण त्याच्या घरच्यांनी सांगितलं. त्या गोष्टीला आमच्या फेरीच्या दिवशी आठ महिनेही झाले नव्हते. मुलगा सायकल घेऊन अनोळखी गावांच्या रस्त्याने निघाला की आईच्या डोळ्यांपुढे असली नावं येतात. आमच्यातल्या तिघांनी घरी 'लातुरातच आहे' असं खोटं सांगितलं होतं, हे आम्हांला परतीच्या वाटेवर कळलं.

निघण्याआधी आमच्यात मोठा वाद झाला होता तो निळ्या झेंड्याचा. सायकलींना झेंडे लावायचे की नाही? शेवटी लावायचे नाहीत असं ठरलं. मुली बरोबर आहेत, वाटेत कटकट नको, साध्या प्रवाशांसारखं जाऊ, किल्लारीला आपल्या वस्तीत पोचल्यावर झेंडा काढू. त्या वेळी हे शहाणपणाचं वाटलं.

ढाब्यावरून निघाल्यावर एकाला दौलताबाद आठवलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ज्यांनी वाचलं आहे त्यांना हा प्रसंग माहीत आहे. 1934 साली बाबासाहेब आणि चळवळीतले सहकारी, सगळे मिळून तीसेक जण, वेरूळची लेणी पाहायला निघाले. सहलच ती. कामाच्या रगाड्यातून वेळ काढून सगळ्यांनी मिळून हिंडायला जायचं ठरवलेलं. चळवळीतल्या माणसांनी सहली काढू नयेत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा एवढा दाखला पुरे. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात. वाटेत त्रास नको म्हणून त्यांनीही ओळख न देता, साध्या प्रवाशांसारखं जायचं ठरवलं होतं. जिथे मुक्काम तिथेच आपल्या लोकांना कळवलेलं. दौलताबादला आपले लोक गावाबाहेर वाट बघत उभे होते, चहा घ्या म्हणाले, पण आधी किल्ला पाहून येऊ असं ठरलं. किल्ल्याच्या दाराजवळ पाण्याने भरलेलं टाकं होतं. प्रवासाने तोंडं धुळीने माखलेली. काहींनी त्या पाण्याने हात-तोंड धुतलं. मागून एक म्हातारा ओरडत आला, यांनी तळं बाटवलं म्हणून. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. शेवटी हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन किल्ला पाहू दिला, आणि शिपाई कशासाठी, तर यांनी आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून.

नव्वद वर्षं झाली त्याला. आज संविधानाच्या कलम 15 च्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट, रस्ते हे सगळं एका दमात लिहिलेलं आहे. ते वाचताना आम्हांला नेहमी वाटतं की हे लिहिणाऱ्यांमध्ये दौलताबादच्या टाक्यावर उभा राहिलेला माणूस होता. तर अशा देशात, अशा कलमाखाली, आम्ही पुन्हा ओळख झाकून निघालो. बाबासाहेबांना तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, आम्हांला होता. ही आमची चूक, असं आमच्यातल्या आठ जणांचं मत आहे. उरलेले तिघे म्हणतात, सुरक्षितता म्हणजे भ्याडपणा नव्हे, आणि मुलींना बरोबर घेऊन बोलणं सोपं असतं. त्या तिघांत दोन मुली आहेत, हे नोंदवायला हवं. वाद मिटलेला नाही.

आता सुरुवातीला म्हटलेली ती दुसरी चूक, जिच्याबद्दल अकराही जणांचं एकमत आहे.

किल्लारीला पोचलो तेव्हा आपल्या वस्तीत आमची वाट बघत लोक थांबले होते. आम्ही येणार हे कळवलेलं होतं, फक्त जेवायला येणार नाही हे नीट कळवलेलं नव्हतं. समाजमंदिरासमोर सतरंजी टाकलेली. एका आजींनी भाकरीची दुरडी पुढे आणली आणि आमच्यातल्या एकाने मोठ्या तत्त्वाने सांगितलं की आम्ही ढाब्यावर जेवून आलो.

'हाटेलात जेवून आलाव व्हय?' आजी म्हणाल्या. 'आन् आमी सकाळपासून चुलीपुढं.'

दौलताबादला चहा घेऊन वाट बघणाऱ्यांचं काय झालं असेल, याचा विचार आम्ही तोपर्यंत केला नव्हता. सार्वजनिक टेबलावर बसण्याचा हक्क बजावताना आपल्या माणसाची सतरंजी ओलांडून गेलो. अकराही जण मुकाट्याने खाली बसलो आणि पुन्हा जेवलो. तिळाचीच भाकरी, पण ही हातावर थापलेली, आणि बरोबर वाटाण्याचा रस्सा. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर सायकल मारलेली असल्यामुळे ती गेलीही.

जेवताना आजी बोलायला लागल्या. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव उशिरा झोपलेलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं पार झोपली आणि जवळपास दहा हजार माणसं गेली, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. आजींनी सांगितलं ते शाळेत नव्हतं. त्यांचं घर कुडाचं होतं, वर पत्रा. ते कललं, पण त्याखाली कोणी मेलं नाही. ज्यांच्या दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं माळवद, ते त्याखालीच राहिले. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांनीही हेच लिहून ठेवलंय की या भागात जड भिंतींनी आणि जड माळवदांनी माणसं मारली. सकाळी उजाडल्यावर दगड उपसायला वस्तीतले गडी पुढे होते. आजींचे यजमान त्यात होते. त्या दिवशी कोणी कोणाला आडनाव विचारलं नाही, असं त्या म्हणाल्या. 'चार दिस. चवथ्या दिसानंतर पुन्हा सुरू.'

मग घरं आली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. घरं वाटायला सरकारने गट केले. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 'अ' गट, 250 चौरस फूट. 1 ते 7 हेक्टरवाल्यांना 'ब' गट, 400 चौरस फूट. त्याहून जास्त जमीन असलेल्यांना 'क' गट, 750 चौरस फूट. पुन्हा वाचा. घरात माणसं किती, मेले किती, राहिले किती यावरून घराचं माप ठरलं नाही. जमीन किती यावरून ठरलं! शेतकऱ्याला धान्य, अवजारं ठेवायला जागा लागते, असं त्याचं समर्थन आहे. लागते ना. पण सात लेकरांना झोपायलाही जागा लागते. कुडाच्या घरातून पक्क्या घरात गेलो हे आजी नाकारत नाहीत, आम्हीही नाकारत नाही. पण जात मोजणारा एकही शब्द न वापरता, नुसती जमीन मोजून जातीची उतरंड सिमेंटमध्ये कशी ओतता येते हे पाहायचं असेल तर नव्या वसाहतींच्या सरळ, चौकोनी गल्ल्यांतून सायकलवर एक चक्कर मारा. कोणती ओळ 'अ' गटाची हे कोणाला विचारावं लागत नाही. आजींच्या अडीचशे चौरस फुटांत आता दोन मुलांचे संसार आहेत. पुढे पत्र्याची पडवी काढली आहे, तिथे त्या झोपतात. भूकंपात जी वाचली ती म्हातारी तीस वर्षांनी पुन्हा पत्र्याखालीच.

जुन्या गावाच्या जागेवर गेलो. स्मृतिस्तंभापाशी थोडा वेळ उभे राहिलो. दर 30 सप्टेंबरला इथे सरकारी मानवंदना होते. आम्ही गेलो तेव्हा दोन शेळ्या आणि आम्ही.

आणि इथे ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळतं. नामविस्तार दिनाला किल्लारी का? तारखा एका ओळीत मांडा. 30 सप्टेंबर 1993 ला भूकंप. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार. साडेतीन महिन्यांचा एकच हिवाळा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने ठराव केल्यावर ज्या मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले, त्याच मराठवाड्यात सोळा वर्षांनी नाव लागलं तेव्हा किल्लारीचे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. आजींच्या यजमानांनी ती बातमी शेडमध्ये रेडिओवर ऐकली आणि शेजारच्या शेडला ऐकू जाऊ नये म्हणून जयभीम हळू आवाजात म्हटला. आपल्या इतिहासात गेट आहे, गेटवरची गर्दी आहे. ही शेड नाही. गेटवर आम्ही याआधी गेलो आहोत, पुढेही जाऊ. पण तो हळू आवाजातला जयभीम ऐकायला कोणीतरी किल्लारीला जायला हवं होतं, आणि तो ऐकायला चारचाकीने दहा मिनिटं थांबून चालत नाही.

परत येताना झेंडे लावले. वस्तीतल्या पोरांनीच काठ्या कापून दिल्या. ढाब्यावरून जाताना मालक बाहेर उभा होता, त्याने हात केला. आम्हीही केला. त्याने झेंडे पाहिले की नाही ते सांगता येत नाही, ऊन डोळ्यांवर होतं.

फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला जायचं ठरतंय. 1941 च्या फेब्रुवारीत बाबासाहेब तिथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. या वेळी झेंडे निघतानाच लावायचे की कसं, यावर मुलींचं म्हणणं आधी ऐकायचं ठरलंय. दुपारचं जेवण रस्त्यावर, आणि संध्याकाळचं वस्तीत, हे मात्र आठ दिवस आधी फोन करून कळवायचं. ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हा लेख टाकायच्या आधी वाचून दाखवला. त्यांना दौलताबादचं पटलं, ढाब्याचं निम्मं पटलं, आणि नामविस्तार दिनाचं अजिबात पटलं नाही. तडवळ्याला येतो म्हणाले, पण त्यांच्याकडे सायकल नाही. उंच माणूस आहे, बावीस इंची लागेल. कोणाकडे पडून असेल तर कळवा, ब्रेक आम्ही बसवून घेऊ.